किसुमू : आगगाडी आणि आगबोट यांच्या भेटीचे बंदर

बडोद्याहून अहमदाबादेकडे जाणारी आगगाडी नंदेसरी मागे टाकून थोड्याच वेळात मही नदीच्या पुलावर येते. पूल ओलांडला की चरोतर लागते. नंदेसरी आज रासायनिक कारखान्यांसाठी ओळखली जाते, तर चरोतर तंबाखूच्या शेतांसाठी व दुधाच्या सहकारी संस्थांसाठी. परंतु याच चरोतरातील गावागावांतून गेल्या शतकात कितीतरी कुटुंबे पोटासाठी पूर्व आफ्रिकेस गेली. घराजवळची आगगाडी, मुंबईची आगबोट, मोंबासाहून पुन्हा आगगाडी आणि शेवटी सरोवरावरची आगबोट, असा त्यांचा मार्ग असे. आपल्या गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांपैकीही पुष्कळांनी हाच रस्ता धरला व परमुलखात कारकून, शिंपी, आचारी म्हणून प्रामाणिकपणाचे नाव मिळविले. जेथे रूळ संपत आणि पाणी सुरू होई, त्या किसुमू बंदराची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

किसुमू हे केनिया देशात व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्व काठी वसले आहे. सरोवर म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गावचा तलाव येतो. हे सरोवर सुमारे अडुसष्ट हजार चौरस किलोमीटर पसरलेले आहे. केनिया, युगांडा व टांझानिया हे तीन देश त्याच्या काठी आहेत आणि वादळ झाले तर समुद्राप्रमाणेच त्यावर लाटा उसळतात.

या सरोवराशी आपल्या धर्माचा संबंध लोहमार्गापेक्षा जुना आहे. कार्डिनल लाव्हिजरी यांनी स्थापिलेल्या मिशनरी संघाचे फादर लूर्देल व ब्रदर अमांस हे किनाऱ्यापासून महिनोन् महिने पायी चालून सरोवराच्या दक्षिण काठी पोहोचले. तेथून होडीने पाणी कापीत १७ फेब्रुवारी १८७९ रोजी ते युगांडाच्या किनाऱ्यास लागले. पुढे सातच वर्षांत त्या भूमीने संत चार्ल्स लुवांगा व त्यांचे सोबती असे रक्तसाक्षी ख्रिस्तसभेस दिले. त्यांपैकी बावीस जणांना पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली संतपद बहाल केले. दरवर्षी ३ जूनला नामुगोंगो येथे यात्रेकरूंची अफाट गर्दी लोटते.

लोहमार्गाचे काम मोंबासा येथे १८९६ साली सुरू झाले. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे बत्तीस हजार मजूर करारावर नेण्यात आले. निर्जल रान, हिवताप, अपघात यांना त्यांनी तोंड दिले. सावो नदीवरील पुलाच्या कामावर १८९८ साली दोन सिंहांनी मजुरांना तंबूंतून ओढून नेले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. परंतु सिंहांनी नेले त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक लोक रोगराईने गेले. एकंदर सुमारे अडीच हजार मजूर त्या कामावर मरण पावले. २० डिसेंबर १९०१ रोजी रूळ सरोवरास भिडले. तेथील स्थानकास एका लोहमार्ग-अधिकाऱ्याच्या पत्नीच्या नावावरून पोर्ट फ्लोरेन्स असे नाव दिले गेले. ते नाव फार टिकले नाही. अडीच हजार मजुरांची नावे तर त्या वेळीही कोणत्या फलकावर लागली नाहीत.

रूळ पाण्याशी थांबले, तरी माल पलीकडे युगांडात न्यायचा होता. त्यासाठी आगबोटी हव्या होत्या. पण सरोवरात समुद्रातून जहाज आणणार कसे? उपाय असा निघाला की, विलायतेत जहाज बांधावयाचे, त्याचे तुकडे करून पाठवावयाचे व काठावर पुन्हा जोडावयाचे. 'विल्यम मॅकिनन' ही पहिली आगबोट १९०० साली पाण्यात उतरली. तिचे सुटे भाग मजुरांच्या डोक्यांवरूनही वाहिले गेले होते. नंतरच्या बोटींचे भाग आगगाडीने आले. ज्या प्रवासास पूर्वी महिने लागत, तो दिवसांवर आला. युगांडाचा कापूस किसुमूच्या धक्क्यावरून मोंबासाकडे जाऊ लागला. पुढे त्यातला पुष्कळसा मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचे.

यात एक अडचण मात्र राहिली. प्रत्येक गाठोडे वाघिणीतून काढून बोटीत भरावे लागे व पलीकडे पुन्हा उतरावे लागे. त्यात वेळ जाई, नासधूस होई, चोरीही होई. १९६०च्या दशकात 'उमोजा' व 'उहुरू' या दोन बोटी आल्या व ही अडचण दूर झाली. स्वाहिली भाषेत त्यांचा अर्थ ऐक्य व स्वातंत्र्य. या बोटींच्या तक्तपोशीवर रूळच घातलेले आहेत. बोट धक्क्यास लागली की बिजागरीचा एक छोटा पूल तिच्यावर टेकवितात. पाण्याची पातळी वरखाली झाली तरी तो पूल तिच्याबरोबर हलतो. मग इंजिन वाघिणी ढकलते आणि स्वतः काठावरच राहते. सगळा भार एका बाजूस आला तर बोट कलंडेल, म्हणून वाघिणी दोन्ही बाजूंस तोलून चढवाव्या लागतात.

किसुमूचे भाग्य सदैव सारखे राहिले नाही. १९३१ साली जिंजा येथे नाईल नदीवर पूल झाला, रूळ थेट कंपालास गेले व सरोवरावरची वाहतूक घटली. १९७२ साली इदी अमीन यांनी आशियाई लोकांस नव्वद दिवसांत युगांडा सोडण्याचा हुकूम दिला. ज्या मार्गाने वाडवडील आशेने आले, त्याच लोहमार्गाने कित्येक कुटुंबे रिकाम्या हातांनी मोंबासाकडे परतली. १९७७ साली तिन्ही देशांची एकत्र रेल्वे संस्था मोडली. पुढे जलपर्णीने बंदराचा श्वास कोंडला. अलीकडे मात्र धक्क्याची डागडुजी झाली आहे. २०१९ साली 'उहुरू' बोट इंधनाच्या वाघिणी घेऊन पुन्हा निघाली आणि २०२१ च्या डिसेंबरात नाकुरू–किसुमू मार्गावर प्रवासी गाडीही धावू लागली.

प्रिय वाचकहो, याच सरोवराने एक कठोर धडाही दिला आहे. २१ मे १९९६ रोजी 'बुकोबा' नावाची प्रवासी बोट म्वांझा बंदराजवळ उलटली व आठशेहून अधिक जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा पुष्कळ अधिक माणसे होती. हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नये. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोदे शहरातीलच हरणी तलावात सहलीची बोट उलटली. बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या. तेथेही बोटीत भार जादा होता व पुष्कळ मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते.

प्रभू येशूने आपले पहिले शिष्य सरोवराच्या काठीच निवडले. पाणी काय देते व काय हिरावून घेते, हे त्या कोळ्यांस ठाऊक होते. आपल्यापैकीही पुष्कळांचे पोट पाण्यावर आहे, पुष्कळांची मुले सहलीस जातात. होडी भरलेली दिसली तर दुसरीची वाट पाहावी. जाकीट नसेल तर मुलास चढवू नये. नाखव्यास तसे स्पष्ट सांगण्यास लाजू नये. आपला व शेजाऱ्याचा जीव जपणे ही पाचव्या आज्ञेचीच मागणी आहे. आणि आगगाडीने वा बोटीने सुखरूप घरी पोहोचल्यावर, ज्यांनी ती वाट आपल्या घामाने व प्राणाने बांधली, त्या अनाम मजुरांसाठी रात्रीच्या रोझरीत एक 'हे आमच्या बापा' अवश्य म्हणावे.