उतारवयातल्या घोड्याची चंदी

घोडा म्हातारा झाला की तो वाळायचाच, असे आपल्याकडे धरून चालतात. पाठीचा कणा वर आला, बरगड्या मोजता येऊ लागल्या, पुठ्ठ्यावर खड्डे पडले की धनी म्हणतो, "आता याचे वय झाले." मग चार महिने कसेबसे काम करून घ्यायचे, येईल त्या किमतीला विकायचे, नाहीतर रात्रीतून कुठेतरी हमरस्त्याला सोडून द्यायचे. वय हा काही आजार नव्हे. पंधरा-सोळा वर्षांनंतर घोडा उतारवयाकडे झुकतो हे खरे, पण नीट सांभाळला तर तो पंचवीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. तो वाळतो त्याला कारण असते आणि बहुतेक वेळा ते कारण तोबऱ्यात किंवा तोंडात सापडते.

कुटुंबाच्या पानावर घोडा कशाला, असे काही वाचक विचारतील. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांना फिरवणारे घोडे अनेक घरांची चूल पेटवतात. माण, खटाव, फलटणपासून आटपाडी, जतपर्यंत धनगर बांधवांचे बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर चालते. सांगली-मिरजेकडचे टांगे मागे पडले, पण लग्नसराईत वरातीची घोडी लागतेच. अशा घरात घोडा खंगला तर मुलांच्या शाळेच्या फीपर्यंत त्याची झळ पोहोचते. देशात घोडे आणि तट्टे २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होती, ती २०१९ च्या गणनेत साडेतीन लाखांच्या आत आली. हातात आहे तो घोडा टिकवणे म्हणूनच महत्त्वाचे.

आपल्या समाजाला तर घोड्याशी जोडलेला अपमानही ठाऊक आहे. १९२९ साली चाळीसगावात बाबासाहेबांना महारवाड्यात नेण्यासाठी टांगा ठरवला, तेव्हा टांगेवाल्याने अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला. अनुभव नसलेल्या माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. वरातीत नवरदेव घोडीवर बसला म्हणून दगड खाणारी गावे आजही या देशात आहेत. २०१८ साली उत्तर प्रदेशातील निजामपूर गावी एका दलित नवरदेवाला पोलीस बंदोबस्तात वरात काढावी लागली. घोडीवर बसण्याचा हक्क आपण झगडून मिळवतो आहोत. मग जिच्यावर बसायचे तिला पोटभर मिळाले आहे का, हेही आपणच विचारायला हवे.

आधी तोंड उघडून पाहा

खुराक वाढवण्याआधी घोडा का वाळला ते शोधावे. घोड्याचे दात जन्मभर थोडे थोडे वर येत राहतात आणि चावण्याने झिजत राहतात. उतारवयात हा साठा संपत येतो. दाढा गुळगुळीत होतात किंवा त्यांना धारदार कडा येऊन गाल आणि जीभ कापते. असा घोडा वैरण तोंडात घोळवतो आणि अर्धवट चावलेला गोळा खाली टाकतो. लिदीत अख्खे दाणे आणि लांब काड्या दिसतात. या घोड्यापुढे दुप्पट कडबा टाकला तरी उपयोग शून्य. पशुवैद्याकडून वर्षातून एकदा तरी दात तपासून कानसून घ्यावेत.

दुसरे कारण जंत. लीद तपासून मगच औषध द्यावे. दरवेळी अंदाजाने औषध पाजल्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात. तिसरे कारण कळपातली दांडगाई. तरुण घोडे म्हाताऱ्याला गव्हाणीवरून हुसकतात, म्हणून त्याला वेगळे बांधून खाऊ घालावे. चौथे कारण आजार. उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस झडत नाहीत, पाणी आणि लघवी वाढते, पाठीचे मांस उतरते आणि पोट मात्र सुटते, अशी लक्षणे मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराची असू शकतात. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडले असेल तर भारी प्रथिनांचा खुराक उलट अपाय करतो. म्हणून रक्ततपासणी टाळू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

वजनकाटा नको, फीत पुरे

घोडा सुधारतो आहे की घसरतो आहे, हे डोळ्यांना उशिरा कळते. शिंप्याची फीत घ्यावी. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून, पुन्हा लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. येईल ते अंदाजे वजन किलोत. घेर १५० आणि लांबी १३५ असेल तर तट्टू सुमारे २५६ किलोचे आहे. दर पंधरा दिवसांनी हे मोजून मुलांच्या जुन्या वहीत लिहून ठेवावे. सोबत बरगड्यांवरून हात फिरवावा. बरगडी हाताला लागावी, पण दुरून डोळ्यांना दिसू नये.

पोटाचा धर्म ओळखा

गाय-म्हैस रवंथ करते, घोडा करत नाही. त्याचे जठर लहान असते आणि चारा पचवण्याचे मोठे काम मागच्या आतड्यात चालते. त्यामुळे त्याला थोडे थोडे आणि वारंवार खायला लागते. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा हा पाया. चंदी त्याच्या जोडीला असते, त्याच्या जागी नव्हे. एकदम पाटीभर दाणा टाकला तर पोटशूळ उठतो किंवा खुरांचा दाह होऊन घोडा जागचा हलत नाही. कोणताही नवा खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा.

आपल्या भागात शाळूचा कडबा मुबलक. म्हाताऱ्या घोड्याला तो अख्खा घालू नये. बारीक कुट्टी करून पाण्यात भिजवून द्यावा, नाहीतर जाड ताटे आतड्यात अडकतात. कारखान्याच्या पट्ट्यात उसाचे वाढे फुकट मिळते, पण त्यात पोषण कमी आणि त्यातील ऑक्झलेट शरीराला कॅल्शियम मिळू देत नाही. त्यावर घोडा जगवू नये. कोवळ्या ज्वारीत विष असते, ती टाळावी.

मांस धरायचे तर लसूणघासाला तोड नाही. त्यात प्रथिने भरपूर आणि कॅल्शियमही. कापल्यावर थोडा सुकवून, बारीक करून द्यावा. हरभरा हा आपल्याकडचा घोड्याचा जुना खुराक आणि तो योग्यच आहे. स्नायू बांधायला लागणारे लायसिन त्यात चांगले असते. मात्र दात गेलेल्या घोड्याला अख्खा न देता भरडून, भिजवून द्यावा. माण-आटपाडीकडचा हुलगा, ज्याला इंग्रजीत हॉर्स ग्रामच म्हणतात, तोही चालतो, पण शिजवून. कृष्णाकाठी सोयाबीन पिकते. कच्चे सोयाबीन घालू नये. कारखान्यात उष्णतेने प्रक्रिया केलेली सोयापेंड दिवसाला १०० ते २०० ग्रॅम पुरते. शेंगदाणा पेंडीत लायसिन कमी आणि बुरशीच्या विषाची भीती अधिक.

नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर घोडा ठेवणारे पुष्कळ आहेत. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम नगण्य. महिनोन् महिने तेच खाल्ले तर हाडातले कॅल्शियम ओढले जाते आणि जबड्याची हाडे सुजतात. कोंडा चवीपुरता घालावा.

वजनासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे तेल. दाण्याने होणारा अपाय तेलाने होत नाही. करडई किंवा सोयाबीनचे गोडेतेल दिवसाला दोन चमच्यांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत १०० ते १५० मिलीपर्यंत न्यावे. पण तेलाने चरबी येते, मांस येत नाही. मांसासाठी प्रथिनेच हवीत.

तीनशे किलोच्या तट्टासाठी एक नमुना

कडबा किंवा गवताची भिजवलेली कुट्टी ३ किलो, हिरवा लसूणघास १० किलो (वाळल्यावर तो दोन किलोच भरतो), भिजवलेला हरभऱ्याचा भरडा अर्धा किलो, भरडलेले सातू पाऊण किलो, गव्हाचा कोंडा पाव किलो, गोडेतेल १०० मिली आणि मीठ एक मोठा चमचा. चंदी एकदम न देता तीन वेळा वाटून द्यावी आणि पातळ लापशीसारखी करावी, म्हणजे घशात अडकत नाही. स्वच्छ पाणी सतत समोर असावे. उन्हाळ्यात ते जास्त लागते आणि पाणी कमी पडले की चारा अडकतो. थंडीत, विशेषतः महाबळेश्वरच्या गारठ्यात, अंगावर गोणपाटाची झूल घालावी. ऊब टिकवण्यात खर्च होणारा खुराक त्यामुळे अंगी लागतो.

पिट्युटरीचा विकार किंवा खुरांचा दाह असलेल्या घोड्याला गूळ, मळी आणि धान्य बंद ठेवावे. फार उपाशी राहिलेल्या घोड्याला पहिल्याच दिवशी पोटभर चंदी घातली तर तो दगावू शकतो. त्याला आधी लसूणघासाचा वाळला चारा थोडा थोडा, दर चार तासांनी द्यावा. बुरशी धरलेला मका कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, तो घोड्याच्या मेंदूवर घाला घालतो. कोंबड्यांचे खाद्य तर घोड्याजवळ ठेवूही नये. त्यात मोनेन्सिन नावाचे औषध असू शकते आणि ते घोड्याच्या हृदयाला मारक आहे.

फिरवायला विसरू नका

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले? फिरवले नाही म्हणून. हे कोडे आजीबाईंपासून सर्वांना पाठ आहे. उभ्या घोड्याला कितीही खाऊ घातले तरी पोट सुटते, पुठ्ठा भरत नाही. पाठीवर ओझे न ठेवता रोज अर्धा-पाऊण तास चालवावे, थोडा चढ असला तर अधिक चांगले. अंगात मांस येईपर्यंत सवारी आणि वरात बंद ठेवावी. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. तेवढा धीर धरावा.

हा सारा खर्च परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांची अडचण खोटी नाही. पण दात कानसून घेतले आणि कुट्टी भिजवली तर आहे तोच चारा अंगी लागू लागतो. पहिली पायरी बिनपैशाची नसली तरी महागडीही नाही. जनावराला पुरेसे अन्न न देणे किंवा उपासमार होईल असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांतला फरक स्पष्ट केला आहे. करुणा माणसांसाठी, तर मैत्री सर्व जीवमात्रांसाठी. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. आपल्या दारात घोडा असेल तर आज संध्याकाळी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा आणि उद्या त्याचे तोंड पशुवैद्याला दाखवा. दारात घोडा नसेल, तर पुढच्या लग्नात घोडी ठरवताना तिची पाठ एकदा नजरेखालून घाला. खंगलेल्या घोडीवर नवरदेव बसवू नका आणि तसे का करत नाही, ते धन्याला समजावून सांगा.