चाक रुततं तेव्हा

मृगाचा पाऊस होऊन गेला की मुखेड तालुक्यातली माणसं वाफशाची वाट पाहतात. बालाघाटाच्या उतारावरची हलकी रानं लवकर निथळतात, लेंडी नदीकाठच्या भारी जमिनी मात्र ओल धरून बसतात. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि तिचा वरचा थर साबणासारखा निसरडा होतो. अशात धुऱ्यालगत ट्रॅक्टरचं एक चाक ओलीत जातं आणि जागच्या जागी गरागरा फिरू लागतं. दुसरं चाक घट्ट जमिनीवर असूनही हलत नाही. चालक रेस वाढवतो, फिरणारं चाक आणखी खोल जातं आणि शेवटी दुसरा ट्रॅक्टर व साखळी मागवावी लागते.

त्याच ट्रॅक्टरच्या सीटजवळ, खाली टाचेने दाबायचं एक लहान पेडल असतं. ते डिफरन्शियल लॉकचं. अनेक ट्रॅक्टरांवर ते चिखलाने माखलेलं, गंजलेलं, वर्षानुवर्षं पाय न लागलेलं दिसतं. हा लेख त्या पेडलाबद्दल आहे.

बैलगाडीला जे लागत नाही

बैलगाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर जातं, आतलं कमी. दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात आणि ओढायला बैल असतात, त्यामुळे अडचण येत नाही. इंजिन चाकांनाच फिरवू लागलं तेव्हा ती आली. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांत साधारण १.४ मीटर अंतर धरलं, तर तासाच्या टोकाला अर्धं वर्तुळ वळताना बाहेरच्या चाकाला सुमारे ४.४ मीटर जास्त जावं लागतं. १.४ मीटर उंचीच्या चाकाचा घेरही जवळपास तेवढाच. म्हणजे प्रत्येक वळणावर एक चाक दुसऱ्यापेक्षा एक पूर्ण फेरा जास्त घेतं.

हा फेरा सामावून घेणारी दातेरी चाकांची रचना म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. तिचा एक गुणधर्म मात्र चिखलात नडतो: ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. निसरड्यावरचं चाक जेवढा जोर पेलू शकतं तेवढाच घट्ट जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो, आणि तेवढ्याने ट्रॅक्टर हलत नाही. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकजीव होऊन एकाच गतीने फिरतात आणि पकड असलेलं चाक ट्रॅक्टर बाहेर काढतं. पलटी नांगराने नांगरतानाही हीच गोष्ट घडते. एक चाक तासात, दुसरं वर असतं. वरच्या चाकावर भार कमी पडतो आणि तेच आधी घसरतं.

ट्रॅक्टरवाल्यांकडे आणखी एक जुनी युक्ती आहे. डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक हलका दाबला की त्या चाकाला जास्त जोर लागतो आणि तितकाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. आजच्या अनेक गाड्यांतली संगणकी यंत्रणा हेच काम करते.

बर्फावरची क्वाट्रो

हेच लॉक वेगवान मोटारीतही आलं. १९७७ च्या हिवाळ्यात ऑडी या मोटारकंपनीचे अभियंते फिनलंडमध्ये चाचण्या घेत होते. फोक्सवॅगनची इल्टिस ही ७५ अश्वशक्तीची लष्करी जीप बर्फावर त्यांच्या अधिक ताकदवान गाड्यांना मागे टाकत असल्याचं त्यांच्यातल्या यॉर्ग बेन्सिंगर यांना दिसलं. चारही चाकांना जोर देणारी वेगवान गाडी का नसावी, हा विचार ऑडीच्याच फर्डिनांड पिएख यांनी उचलून धरला. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात २०० अश्वशक्तीची क्वाट्रो ही गाडी उभी राहिली. पुढच्याच वर्षी मिशेल मूटॉन आणि सहचालक फाब्रिझिया पॉन्स यांनी क्वाट्रोतून सान रेमो रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली रॅली एका स्त्रीने जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

रस्त्यावरच्या त्या जुन्या क्वाट्रोत चालकाच्या हाताशी दोन लॉक होती: एक पुढच्या-मागच्या आसांमधलं, दुसरं मागच्या दोन चाकांमधलं. सुरुवातीला ती केबलने ओढली जात, नंतर निर्वाताच्या दाबावर चालणारा खटका आला. पहिल्या टप्प्यावर मधलं लॉक लागे, दुसऱ्यावर मागचंही. पुढच्या आसाला लॉक नव्हतं, कारण तिथेच गाडी वळवायची असते. नंतर चाक जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक आले, तेव्हा लॉक लावताच ते बंद होत. एबीएसला प्रत्येक चाकाची वेगळी गती कळावी लागते, आणि बांधलेली चाकं ती सांगू शकत नाहीत.

कोरड्या डांबरावर लॉक तसंच ठेवून वळवलं तर आसांत ताण साठतो, स्टिअरिंग जड होतं, टायर खरडतात आणि कळ मागे घेऊनही लॉक सुटत नाही. तेव्हा गाडी सरळ करून थोडी मागे घ्यायची, म्हणजे ताण उतरतो. जुन्या क्वाट्रोत निर्वाताच्या नळ्या चिरतात आणि न वापरलेले दांडे अडकतात. म्हणून जाणते मालक अधूनमधून खडीवर किंवा गवतावर लॉक लावून-सोडून पाहतात.

आपल्या हाताशी

हे तंत्र आपल्यालाही परकं नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा जीपला पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना चालकाने लावायची लॉक मिळतात. ऑडीच्या काही गाड्यांची जुळणी तर आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत होते. मुखेडच्या रानातल्या पेडलाचं आणि त्या क्वाट्रोच्या खटक्याचं काम एकच, आणि वापरण्याचे नियमही तेच.

चाक रुतण्याआधी, ओल समोर दिसतानाच लॉक लावा. चाक गरगरत असताना लावू नका, दाते तुटतात. क्लच दाबा, चाक थांबू द्या, पेडल दाबा आणि मग क्लच सावकाश सोडा. पुढची चाकं सरळ ठेवा. लॉक लागलेला ट्रॅक्टर वळायला विरोध करतो. धुऱ्याच्या, विहिरीच्या किंवा उताराच्या कडेला हा विरोध जिवावर बेतू शकतो. घट्ट जमीन लागली की लगेच पाय काढा. पेडल वर आलं नाही, तर ट्रॅक्टर थोडा पुढे-मागे करा. सडकेवर येताना दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडा, नाहीतर वेगात एकच चाक थांबून ट्रॅक्टर उलटू शकतो.

पोरगं ट्रॅक्टरवर बसू लागलं की आपण त्याला गिअर शिकवतो, नांगर शिकवतो. या पेडलाची ओळख राहून जाते. येत्या उन्हाळ्यात, मशागतीआधी, ते पेडल धुवा, सांध्याला ग्रीस द्या, मोकळ्या मातीत सरळ चालवत एकदा लावून-सोडून पाहा, आणि शेजारी त्या पोराला उभं करा.