आधी दार पाहा, मग कुलूप

मृगाच्या सरी सुरू झाल्या की वारणा खोऱ्यातल्या घराघरांत एक तक्रार ऐकू येते. दार नीट लागत नाही, किल्ली अर्ध्यावर अडते, लॅच बसत नाही. उन्हाळाभर विनातक्रार चाललेले कुलूप आषाढात रुसून बसते. मग खांद्याने दार रेटायचे, हँडल वर ओढायचे, किल्ली दोन्ही हातांनी पिळायची, असे महिनाभर चालते. शेवटी एखाद्या संध्याकाळी, मगरिबच्या वेळी सगळे बाहेरून परततात आणि किल्ली कुलपातच तुटते. घरातली माणसे उंबरठ्याबाहेर आणि गॅसवर ठेवलेले दूध आत!

असे झाले की आपण पहिला दोष कुलपाला देतो आणि दुकानातून नवे कुलूप आणतो. पण दाराची कुलपे बिघडतात त्यातल्या बऱ्याच वेळा कुलूप निर्दोष असते. बिघाड दारात, बिजागरीत किंवा चौकटीत असतो. तो दूर न करता नवे कुलूप बसवले तर पुढच्या पावसाळ्यात तेही तसेच अडते. पैसे जातात आणि दाराला आणखी चार भोके पडतात.

दारे बदलली, सवयी जुन्याच

आपल्या भागात एकेकाळी दार म्हणजे सागवानी फळ्यांचे जोडदार. त्याला कडी, कोयंडा आणि लोंबते कुलूप. रात्री आतून आगळ किंवा अडसर. त्या दाराला काही झाले तर गावचा सुतार रंधा मारून देई. कुलूप अडले तर धार लावणारा शिकलगार किंवा बाजारात बसणारा किल्लीवाला ते उघडून देई.

आता वारणानगर, कोडोली परिसरात नवी घरे आणि फ्लॅट झाले, तशी दारेही बदलली. पुढे फ्लश दार, म्हणजे आत लाकडी पट्ट्या भरून दोन्ही बाजूंनी प्लायवूड चिकटवलेले. न्हाणीघराला पीव्हीसीचे किंवा डब्ल्यूपीसीचे, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेले. काही ठिकाणी फायबरचे, ज्याचा पृष्ठभाग काचतंतू आणि राळ यांचा असतो आणि आत फोम भरलेला असतो. ही मिश्र दारे वाळवीला दाद देत नाहीत, पाणी फारसे पीत नाहीत, वजनाला हलकी असतात. पण त्यांचा कस पृष्ठभागात असतो, गाभ्यात नसतो. सागवानी दारात स्क्रू कुठेही घट्ट बसे. या दारांत तो ठरलेल्या जागीच धरतो. म्हणून जुन्या दाराचे उपाय यांना जसेच्या तसे लावले तर नुकसान होते. फायबरच्या दाराला रंधा मारला तर वरचे कवच जाते आणि पाणी आत शिरायला वाट मिळते.

दोष कुठे आहे?

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक साधी चाचणी करा. दार पूर्ण उघडे ठेवा आणि त्याच अवस्थेत किल्ली फिरवा. कुलपाची जीभ सहज आतबाहेर झाली तर कुलूप ठीक आहे. दार लावल्यावर तीच जीभ अडत असेल तर दोष दाराच्या बसण्यात आहे. दार उघडे असतानाही किल्ली अडत असेल, तर मात्र दोष किल्लीत किंवा कुलपात.

दुसरी चाचणी जीभ कुठे आपटते हे पाहण्याची. तिच्या टोकाला थोडे काजळ लावा, दार लावून किल्ली फिरवायचा प्रयत्न करा आणि उघडून चौकटीवरच्या लोखंडी पट्टीकडे पाहा. काजळाचा डाग भोकाच्या खालच्या काठावर असेल तर दार खाली बसले आहे. बाजूच्या काठावर असेल तर दार किंवा चौकट फुगली आहे, नाहीतर वाकली आहे.

दार खाली बसले असेल तर आधी वरची बिजागरी पाहा. दाराचा सगळा ताण तिच्यावर येतो आणि स्क्रू तिथलेच आधी ढिले होतात. पाना-दोन पाना आवळून काम भागले तर उत्तम. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोक मोठे झाले आहे. लाकडी चौकटीत अशा भोकात सरसात बुडवलेली लाकडाची काडी ठोकून, सुकू देऊन, त्यात पुन्हा स्क्रू बसवावा. थोडा लांब स्क्रूही चालतो. डब्ल्यूपीसीच्या पोकळ दारात मात्र लांब स्क्रूने काही साधत नाही. तिथे बिजागरी दोन बोटे वर किंवा खाली, भरीव जागी सरकवणे बरे.

बिजागऱ्या घट्ट असूनही जीभ दोन-तीन मिलिमीटरने चुकत असेल तर चौकटीवरच्या पट्टीचे भोक कानशीने थोडे वाढवावे, किंवा पट्टीच सरकवून बसवावी. काम चौकटीवर करावे, दाराला हात लावू नये. एक पथ्य महत्त्वाचे: भर पावसाळ्यात फुगलेले लाकूड तासू नका. दिवाळीनंतर ते सुकते आणि मग तिथे फट राहते.

किल्ली आणि तेल

उघड्या दारातही किल्ली अडत असेल तर आधी घरातली दुसरी किल्ली लावून पाहा. तिने कुलूप चालले तर पहिली किल्ली झिजली आहे. आपल्याकडे किल्लीवरून किल्ली, त्या किल्लीवरून तिसरी, अशा नकला होत जातात आणि प्रत्येक नकलेत थोडी चूक वाढते. म्हणून कुलपासोबत आलेली मूळ किल्ली रोज वापरू नये. ती जपून ठेवावी आणि नवी किल्ली नेहमी तिच्यावरूनच करून घ्यावी.

दोन्ही किल्ल्या अडत असतील तर कुलूप कोरडे पडले आहे किंवा आत धूळ साचली आहे. इथे बहुतेक घरांत खोबरेल तेल किंवा शेंगतेल ओतले जाते. दोन दिवस कुलूप मऊ चालते, मग तेलात धूळ बसून चिकट लगदा होतो. त्याऐवजी शिसपेन्सिलीचे टोक किसून ती काळी पूड किल्लीच्या दातांवर लावा आणि किल्ली दहा-वीस वेळा आतबाहेर करा. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट. ते कोरडे असते आणि धूळ धरत नाही. जीभ आणि लॅच यांच्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातला सिलिकॉन स्प्रे चांगला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये वारणाकाठच्या घरांत पुराचे पाणी शिरले. अशा पाण्यात बुडालेल्या कुलपात बारीक गाळ बसतो. तो सुकण्याआधी कुलूप काढून स्वच्छ पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवावे आणि मग सिलिकॉन मारावे. गाळ एकदा सुकला की जोर करण्यात अर्थ नाही, किल्ली तुटते.

बदलायचे ठरले तर

आजच्या बहुतेक मुख्य दारांच्या कुलपांचे दोन भाग असतात. दाराच्या जाडीत बसलेली पेटी आणि जिच्यात किल्ली जाते ती नळी, म्हणजे सिलिंडर. पुष्कळदा नुसते सिलिंडर झिजलेले असते आणि ते बदलणे शेकड्यांतले काम आहे.

त्याची रीत अशी. दार उघडे ठेवून त्याच्या कडेला, किल्लीच्या भोकाच्या उंचीवर असलेला एकच लांब स्क्रू काढावा. किल्ली घालून थोडीशी, घड्याळाच्या काट्याच्या दोन-तीन मिनिटांइतकी, फिरवावी. सिलिंडरच्या मधला दात सरळ रेषेत आला की ते हळूच बाहेर येते. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंतचे माप मिलिमीटरमध्ये घ्यावे. ३० आणि ३० किंवा ३५ आणि ३५, असे ते असते. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असे नाही. तोंडी माप सांगण्यापेक्षा जुने सिलिंडरच दुकानात घेऊन जावे. नवे बसवल्यावर ते बाहेरून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे दिसू नये. पुढे आलेले टोक पकडीत धरून तोडणे चोराला सोपे जाते.

पेटीच बिघडली असेल तर त्याच मापाची पेटी शोधावी. दाराच्या कडेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचे अंतर आणि पेटीची उंची ही दोन मापे जुळली पाहिजेत. मोठी पेटी बसवण्यासाठी मिश्र दाराची खाच वाढवली तर गाभा उघडा पडतो. फ्लश दारातही कुलपासाठी कडेला भरीव लाकूड ठेवलेले असते. ती जागा सोडून कुलूप बसवले तर स्क्रू धरत नाहीत.

बाजारात अलीगढची कुलपे आहेत, तमिळनाडूतल्या दिंडीगलची आहेत, ज्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आणि अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईच्या लालबागेत सुरू केलेल्या कारखान्याचे नाव तर घराघरांत आहे. नाव कोणतेही असो, ज्याचे सिलिंडर पुढे सुटे मिळेल तेच कुलूप घ्यावे.

आता आपल्याकडेही यूपीव्हीसीची दारे येऊ लागली आहेत. त्यांच्या कुलपाचे तंत्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांना ते चांगले परिचित आहे, कारण तिथे घरांच्या पुढच्या दारांना सर्रास असे कुलूप असते. हँडल वर उचलले की दाराच्या वर, मध्ये आणि खाली एकदम आकडे बसतात, मग किल्ली फिरते. हँडल जड लागले तर दार सरकले आहे असे समजावे आणि बिजागरीचे स्क्रू फिरवून ते जागेवर आणावे. जोर केला तर आतली दातेरी यंत्रणा मोडते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो.

आत अडकलेला माणूस

कुलपाचा विचार आपण चोराच्या भीतीने करतो. पण बिघडलेल्या कुलपाचा पहिला बळी बहुधा घरातलाच माणूस असतो. न्हाणीघराची ढिली कडी आपोआप पडते आणि तीन वर्षांचे मूल आत राहते. वजूला गेलेली दादी पाय घसरून पडते आणि दाराला आतून कडी असते. म्हणून लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरात न्हाणीघराला बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने फिरवता येईल असेच लॅच बसवावे. वृद्धांनी आतली कडी न लावता फक्त दार ओढून घ्यावे. घरच्यांनी दारावर थाप मारून, उत्तर घेऊन मगच आत जावे. कोणाच्या खोलीत परवानगीशिवाय शिरू नये ही शिकवण सूरह नूरमध्ये आहेच. ती पाळली तर कडीची गरजही कमी होते.

मुख्य दाराला दोन्ही बाजूंनी किल्ली लागत असेल तर रात्री ती किल्ली ठरलेल्या जागी, अंधारातही हाताला लागेल अशी टांगावी. गॅस गळला किंवा मीटरने पेट घेतला तर किल्ली शोधायला वेळ नसतो. आतून बोटाने फिरवायची खुंटी असलेले सिलिंडर घेतले तर हा प्रश्नच उरत नाही.

रात्री अल्लाहचे नाव घेऊन दारे बंद करा, भांडी झाका, दिवे विझवा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हेही त्यांनीच शिकवले. दाराची ढिली बिजागरी आवळणे हे त्याच शिकवणीतले छोटे काम आहे.

किल्ली ही अमानत

वारणानगरला तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. दरवर्षी बाहेरगावची मुले-मुली इथे खोल्या घेतात. खोली सोडताना एक किल्ली परत येते. पण मधल्या काळात तिच्या किती नकला झाल्या हे कोणाला माहीत? पुढच्या वर्षी त्याच खोलीत कोणाची तरी लेक राहायला येते. घरमालकाने भाडेकरू बदलताना सिलिंडर बदलणे ही तिच्या सुरक्षिततेची किमान हमी आहे. किल्ली हरवली, घर विकत घेतले, कामाला येणारे माणूस बदलले, तेव्हाही हेच करावे. यात कोणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. उद्या काही झाले तर निरपराध माणसावर बोट उठू नये, हाही हेतू आहे.

कुलूप कितीही भक्कम असले तरी ते शेवटी माणसाच्या नियतीवर टिकते. २०१६ साली वारणानगरच्या शिक्षक वसाहतीतल्या बंद खोलीतून कोट्यवधींची रोकड गेल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. पुढच्याच वर्षी त्या रकमेतला पैसा लाटल्याच्या आरोपावरून तपासातल्या काही पोलिसांवर गुन्हा नोंदवला गेला. खरेखोटे न्यायालय ठरवेल. पण ज्याच्या हाती किल्ली किंवा अधिकार आहे, त्याची जबाबदारी कुलपापेक्षा मोठी, एवढे त्यातून कळते.

आपल्या इतिहासात याचे उदाहरण आहे. हिजरी ८ मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाची किल्ली प्रेषितांच्या (स.) हाती आली. ती त्यांनी पूर्वीपासून सांभाळणारे उस्मान बिन तलहा (रजि.) यांच्याकडेच परत दिली. अमानत हक्कदाराकडे सोपवण्याविषयीची सूरह निसाची ५८ वी आयत याच प्रसंगाशी जोडून सांगितली जाते. काबागृहाची किल्ली आजही त्याच घराण्याकडे आहे.

शेजारी उमऱ्याला किंवा लेकीच्या बाळंतपणाला जाताना आपल्याकडे किल्ली ठेवतात. ती खिळ्यावर सर्वांसमोर टांगू नये, नक्कल करू नये, त्यांच्या सांगण्याशिवाय दार उघडू नये, आणि ते परतले की आठवणीने हाती द्यावी.

या आठवड्यात घरातले प्रत्येक दार एकदा उघडे ठेवून किल्ली फिरवून पाहा आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू तपासा. घरातल्या मुला-मुलींनाही सोबत घ्या. अर्ध्या तासाचे हे काम आहे आणि पावसाळ्याआधी करावे.