लेकराचे डाग, थोरल्यांची भोवळ

सोलापूरचा उन्हाळा आपल्याला नवा नाही. पारा चाळिशीपलीकडे गेला की घराघरांत लेकरांना घामोळे येते, अंगावर पित्त उठते. त्यामुळे तान्ह्या बाळाच्या पाठीपोटावर तपकिरी डाग दिसले, की आई म्हणते, उष्णतेचे असतील. आजी म्हणते, नजर लागली. शेजारीण हळूच विचारते, कुष्ठरोग तर नव्हे? आणि बाळाला कोणी कडेवर घेईनासे होते.

अशा डागांमागे कधी कधी मास्टोसायटोसिस नावाचा दुर्मीळ आजार असतो. तो संसर्गजन्य नाही. त्याच्या डागांना खाज असते. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो.

आपल्या कातडीत मास्ट पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७८ साली त्यांचे वर्णन केले. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. धोका दिसला की त्या हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात. या आजारात त्यांची संख्या फाजील वाढते आणि कढत पाणी, घासणे, ऊन एवढ्यानेही त्या खवळतात. डाग चोळला की तो सुजून लाल होतो, ही त्याची मोठी खूण.

आजाराचे नाव एक असले, तरी लहान मुलांत आणि मोठ्यांत त्याची चाल वेगळी असते.

मुलांत तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत दिसतो आणि बहुतेकदा कातडीपुरताच राहतो. वयात येईपर्यंत बहुतेकांचे डाग फिके पडतात किंवा जातात. तेव्हा आयांनी धीर सोडू नये. मात्र अंगभर फोड आले, बाळ निपचित पडले, तर क्षणभरही थांबू नये.

मोठेपणी सुरू झालेला आजार सहसा आपणहून जात नाही. तो बहुधा आत, हाडातल्या मगजापर्यंत पोचलेला असतो. बहुतेक रुग्णांत किट नावाच्या जनुकात बदल आढळतो. हा बदल सहसा आईबापांकडून आलेला नसतो. काहींच्या अंगावर डागही नसतात. पोटात कळ, जुलाब, ठिसूळ हाडे, अचानक भोवळ अशी लक्षणे दिसतात. गांधीलमाशी किंवा मधमाशी चावल्यावर रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतू शकते. काहींना दारू, तर काहींना ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळीही बाधते. मागावर उभे राहून अंग दुखते म्हणून दुकानातून गोळी आणणाऱ्या आपल्या भावांनी हे ध्यानात ठेवावे. तरीही बहुतेक मोठ्यांत हा आजार सौम्य प्रकारचा असतो आणि माणूस औषधावर दीर्घायुष्य जगतो.

तर करावे काय? अंगारेधुपारे नकोत, खरजेचे मलमही मनाने नको. सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवावे. कातडीचा छोटा तुकडा तपासून निदान होते. मोठ्यांना रक्तातील ट्रिप्टेजची, आणि गरज पडल्यास हाडातल्या मगजाची तपासणी लागते. बाळाला कोमट पाण्याने, न घासता अंघोळ घालावी. ऑपरेशनपूर्वी, दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना आजाराचे नाव सांगावे. भोवळ येऊन कोणी कोसळला, तर त्याला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत आणि १०८ ला फोन करावा.

लेकराचे डाग पाहून आपण घाबरतो आणि थोरल्यांची भोवळ अशक्तपणावर घालून विसरतो. आमचे सांगणे एवढेच, की डागांना भिऊ नका आणि भोवळीकडे काणाडोळा करू नका.