शाळा बदलली, की खेळाडू पळवला?

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड कवच आणि अकरा विरुद्ध अकरांची धडकाधडकी, असा तो खेळ आहे. शाळांचे सामने बहुधा शुक्रवारी संध्याकाळी असतात आणि लहान गावांत त्या संध्याकाळी जत्रेसारखी गर्दी लोटते. देशभरात १० लाखांहून अधिक मुले शाळेच्या संघातून हा खेळ खेळतात. टेक्सास राज्यातल्या ॲलन या शहराने तर २०१२ मध्ये एका शाळेसाठी ६ कोटी डॉलर खर्चून १८ हजार प्रेक्षकांचे क्रीडागार उभे केले. शाळेच्या खेळाला तिथे केवढे वजन आहे, हे एवढ्यावरूनच ध्यानात येईल.

या खेळात गेली काही वर्षे एक वाद धुमसतो आहे. एखाद्या शाळेला नावाजलेला नवा प्रशिक्षक मिळतो आणि आसपासच्या शाळांतली चांगली मुले त्या शाळेत नाव घालू लागतात. याला पालकांचे स्वातंत्र्य म्हणायचे, की खेळाडूंची पळवापळवी? मी तीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण हा विषय शिकवला. त्यामुळे हा प्रश्न दूरदेशीचा असला तरी मला परका वाटत नाही. एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधाराने तो आज समजावून घेऊ.

फ्लोरिडा राज्यातल्या मायामी शहरात लिबर्टी सिटी नावाची वस्ती आहे. वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची आणि बऱ्याच अंशी गरिबांची. तिथल्या मायामी नॉर्थवेस्टर्न या शाळेचा फुटबॉलमध्ये मोठा दबदबा होता, पण २०२३ च्या हंगामात संघाने दहापैकी सहा सामने गमावले. २०२४ च्या आरंभी शाळेने टेडी ब्रिजवॉटर यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्यांनी क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे संघाच्या चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू म्हणून, दहा वर्षे काढली होती. त्यांच्या पहिल्याच हंगामात शाळेने आपल्या गटाचे राज्य अजिंक्यपद मिळवले. अंतिम सामना ४१-० असा एकतर्फी झाला.

कोणत्याही गावाने अशा प्रशिक्षकाची मिरवणूक काढली असती. पण जुलै २०२५ मध्ये ब्रिजवॉटर यांनी स्वतःच जाहीर केले, की आपल्याला निलंबित करण्यात आले आहे. कारण काय? त्यांनी मुलांना सामन्याआधी जेवू घातले, सरावानंतर भाड्याच्या मोटारीने घरी पोचवले, दुखऱ्या अंगांवर उपचारांची सोय केली आणि यातला बराच खर्च पदरचा केला. वस्ती धोक्याची आहे, मुलांनी अंधारात पायी घरी जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. नियमांच्या भाषेत मात्र या साऱ्याला ‘अवैध लाभ’ असे नाव आहे.

उपाशी मुलाला जेवू घालणे अवैध कसे, असे आपल्याला वाटेल. नियमामागचा विचार समजून घेतला पाहिजे. तिथे सरकारी शाळा राहत्या पत्त्यावरून मिळते. ज्या भागात घर, त्या भागातली शाळा. त्या भागातल्या घरपट्टीतून शाळेचा बराच खर्च चालतो आणि म्हणून शाळेचा संघ हा गावाचा संघ मानला जातो. आता एका शाळेत खेळाडूंना जेवण, वाहन आणि उपचार मिळू लागले आणि शेजारच्या शाळेत मिळाले नाहीत, तर चांगला खेळाडू कुठे जाईल हे सांगायला नको. म्हणून जो लाभ शाळेतल्या सर्व विद्यार्थ्यांना मिळत नाही, तो फक्त खेळाडूला देणे म्हणजे त्याला फूस लावणे, असे नियम गृहीत धरतो. देणाऱ्याच्या मनात माया होती की डाव होता, हे कागदावर दिसत नाही. जेवणाचे ताट दोन्ही वेळा सारखेच असते.

या ओढाओढीच्या मुळाशी महाविद्यालयांची शिष्यवृत्ती आहे. अमेरिकेत उच्च शिक्षण फार महाग. चांगल्या खेळाडूला महाविद्यालये शिष्यवृत्ती देऊन नेतात आणि जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाचे जाहिरातीचे पैसेही घेता येऊ लागले. प्रत्यक्षात शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम सात जण महाविद्यालयाच्या कुठल्या तरी पातळीवरच्या संघात पोचतात. त्यातच महाविद्यालयीन खेळाडूंना एका संघातून दुसऱ्या संघात जाणे आता सोपे झाले आहे. त्यामुळे कोवळ्या शाळकरी मुलाला घेण्यापेक्षा तयार झालेला मोठा खेळाडू दुसरीकडून आणणे महाविद्यालयांना सोयीचे पडते. शाळकरी मुलांसाठीचा दरवाजा अरुंद झाला. म्हणून पालक अशी शाळा शोधतात, जिथे संघ जिंकतो आणि महाविद्यालयांचे लोक सामने पाहायला येतात.

प्रशिक्षकावरचे दडपणही कमी नसते. टेक्सासमधल्या ओडेसा गावच्या शाळेच्या १९८८ च्या हंगामावर ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक निघाले. संघ एक सामना हरल्यावर प्रशिक्षकाच्या अंगणात लोकांनी ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या रोवल्याची हकिगत त्यात आहे. आता गाव सोडा, असा त्याचा अर्थ. नोकरी अशी टांगती असेल, तर आयता तयार खेळाडू कोणाला नको असतो?

यावर प्रत्येक राज्याने आपापला तोडगा काढला आहे. टेक्सासचा नियम कडक आहे. केवळ खेळासाठी शाळा बदलल्याचे ठरले, तर मुलाला निदान एक वर्ष शाळेच्या मुख्य संघातून खेळता येत नाही. त्यासाठी एक अर्ज असतो आणि आधीच्या शाळेला त्यावर आपले मत द्यावे लागते. निर्णय देते ती त्या विभागातल्या शाळांच्या प्रतिनिधींची समिती. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध हा मुलगा उद्या खेळणार, तेच आज त्याचा निवाडा करतात. ओहायोत नववीनंतर शाळा बदलणाऱ्या मुलाला, तो सवलतीत बसत नसेल तर, हंगामाचा उत्तरार्ध आणि त्यानंतरची बाद फेरी बाहेर बसून पाहावी लागते.

फ्लोरिडाने २०१६ मध्ये नेमके उलटे पाऊल टाकले. जागा शिल्लक असेल त्या कोणत्याही सरकारी शाळेत मुलाला प्रवेश घेता येईल आणि तो लगेच खेळूही शकेल, असा कायदा झाला. त्याचबरोबर फूस लावणाऱ्या प्रशिक्षकाला दंड ठरला. पहिल्या गुन्ह्याला ५,००० डॉलर पगारातून कापायचे, दुसऱ्याला त्याशिवाय बारा महिने बिनपगारी निलंबन, तिसऱ्याला शिक्षकाचा परवाना तीन वर्षे रद्द. मोठ्यांनी फूस लावली म्हणून मुलाचा खेळ बंद करायचा नाही, हे तत्त्वही कायद्यात आले. अपवाद दोन. मुलाने किंवा पालकांनी खोटी कागदपत्रे दिली असतील, किंवा इतरांना न मिळणारा लाभ घेतला असेल, तर मुलगाही अपात्र ठरू शकतो. ब्रिजवॉटर प्रकरणाची खरी धग इथे आहे. प्रशिक्षकाने दिलेल्या जेवणाची शिक्षा ते खाणाऱ्या मुलापर्यंत पोचू शकते.

पुढे त्याच वर्षी फ्लोरिडाच्या सिनेटमध्ये ब्रिजवॉटर यांच्या नावाने ओळखले जाणारे एक विधेयक मांडले गेले. प्रशिक्षकाने ठरावीक मर्यादेत पदरचे पैसे मुलांच्या जेवणावर, प्रवासावर आणि उपचारांवर खर्च करावेत, पण त्याचा हिशेब संघटनेला द्यावा, असा त्याचा आशय. तोवर ब्रिजवॉटर स्वतः, ऑगस्ट २०२५ मध्ये, पुन्हा व्यावसायिक फुटबॉलकडे वळले होते. टेनेसी आणि इंडियाना या राज्यांनीही २०२५ मध्ये आपले नियम सैल करून मुलाला एकदा शाळा बदलून लगेच खेळण्याची मुभा दिली. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे, हे यावरून दिसते.

आपल्याकडे हा वाद फारसा ऐकू येत नाही. वांद्र्याच्या शाळेत शिकणाऱ्या सचिन तेंडुलकरने दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात नाव घातले, ते रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्यावरून. त्या शाळेचा क्रिकेट संघ सर घडवत होते. एका दिवसात जास्त डाव खेळायला मिळावेत म्हणून सर या मुलाला आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. ही हकिगत आपण कौतुकाने सांगतो आणि ती कौतुकाचीच आहे. पण तीच गोष्ट टेक्सासच्या समितीपुढे गेली असती, तर खेळासाठी शाळा बदलली म्हणून मुलगा एक वर्ष बाहेर बसला असता. स्कूटरवरची ती फेरी फ्लोरिडात कदाचित अवैध लाभ ठरली असती.

मग नियमच नकोत का? तसेही म्हणता येणार नाही. माझ्या शाळेत खो-खो खेळणारी एक मुलगी होती. पाठलागात तिच्या तोडीची जिल्ह्यात दुसरी नव्हती. दहावीच्या आधी शहरातल्या एका मोठ्या शाळेने तिला बोलावले. फी माफ आणि वसतिगृहात राहण्याची सोय. तिच्या वडिलांनी मला विचारले, “सर, धाडू का?” मी म्हटले, “धाडा.” ती पुढे राज्य पातळीवर खेळली. इकडे आमचा संघ त्या वर्षी तालुक्यातच हरला. तिच्याबरोबर खेळणाऱ्या आठ-दहा मुलींपैकी निम्म्या पुढच्या वर्षी मैदानावर आल्याच नाहीत. गेलेल्या मुलीचे भले झाले यात शंका नाही. पण मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्नही खोटा नाही. अमेरिकेतले कडक नियमाचे समर्थक हेच विचारतात. दहा चांगली मुले एका शाळेत गोळा झाली, की दहा शाळांचे संघ मोडतात, आणि त्या एका शाळेतही आधीपासून घाम गाळणारी दहा मुले बाकावर बसतात.

मला वाटते, इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. मुलाने जाणे ही एक आणि मोठ्यांनी नेणे ही दुसरी. जाण्याची मुभा एकदा तरी असावी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने चांगल्या शिक्षकाकडे जावेसे वाटणे हा गुन्हा नाही. नेणाऱ्याला मात्र जाब विचारलाच पाहिजे आणि त्याची शिक्षा त्याच्याच पगारातून वसूल व्हावी. फ्लोरिडाच्या कायद्याचा हा भाग मला पटतो. जेवणाचा प्रश्न तर सर्वांत सोपा आहे. सरावानंतर प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक खेळाडूला पोटभर जेवण आणि घरी जायला सुरक्षित वाहन मिळाले, तर ते आमिष उरत नाही. ताटाचे आमिष होते, ते शेजारच्या शाळेत ताट नसते म्हणून. तो खर्च एका प्रशिक्षकाच्या खिशावर सोडायचा आणि त्याने केला की त्याला दोषी धरायचे, हे काही न्यायाचे नाही.

आपल्याकडेही क्रीडा प्रबोधिन्या आणि खेळाडूंना सवलती देणाऱ्या शाळा आहेत. हा प्रश्न उद्या आपल्या दारात उभा राहिला, तर नियम करताना एक हिशेब विसरू नये. प्रशिक्षकाला पुढचा हंगाम मिळतो, शाळेला पुढची तुकडी मिळते. मुलाच्या वाट्याला शाळेतल्या खेळाची वर्षे येतात मोजकीच, अमेरिकेत तर नववी ते बारावी अशी अवघी चार. मोठ्यांच्या भांडणात त्यातले एक गेले, तर ते कोणीही परत देऊ शकत नाही.