रुमालातली पत्रं

चेन्नईत वेलचेरीहून निघालेली एमआरटीएसची लोकल शेवटच्या टप्प्यात फोर्ट स्थानकात थांबते. तिथून जवळच सेंट जॉर्ज किल्ला आहे. किल्ल्यातल्या संग्रहालयात थॉमस बँक्स या शिल्पकाराने घडवलेला लॉर्ड कॉर्नवॉलिसचा भव्य पुतळा उभा आहे. चौथऱ्यावर १७९२ चा प्रसंग कोरलाय: टिपू सुलतानाची दोन मुलं इंग्रजांच्या हवाली होताहेत. याच कॉर्नवॉलिसच्या फौजेने त्याआधी दहाएक वर्षं, १९ ऑक्टोबर १७८१ रोजी, अमेरिकेत यॉर्कटाउनला जॉर्ज वॉशिंग्टनपुढे शस्त्रं ठेवली होती.

यॉर्कटाउनच्या वेढ्यात व्हर्जिनियाचं मिलिशियाही होतं, म्हणजे बोलावणं आलं की नांगर सोडून बंदूक घेणारे गावकरी. दारू, जोडे, पीठ, हजेरी अशा रोजच्या अडचणींबद्दल मिलिशियाच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली पत्रं आज अमेरिकेत लिलावात विकली जातात. कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्ध ज्या मराठी सरदारांच्या शेजारी त्याने तळ दिला, त्यांनीही अशीच पत्रं लिहिली. त्या पत्रांचा परिचय मराठी वाचकाला नीट व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१७९१ च्या मे महिन्यात पत्राची किंमत काय असते हे कॉर्नवॉलिसला कळलं. फेब्रुवारीत मद्रासेकडून निघालेली त्याची फौज मार्चमध्ये बंगळूर घेऊन श्रीरंगपट्टणापाशी पोचली, पण बैल मेले, दाणा संपला, पाऊस सुरू झाला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मोठी फौज घेऊन अगदी जवळ आले होते. ती बातमी मात्र इंग्रजी छावणीत पोचली नाही, कारण टिपूचे स्वार वाटेतच हरकारे गाठत होते. ओढायला जनावरं नाहीत म्हणून कॉर्नवॉलिसने वेढ्याच्या जड तोफा स्वतःच निकामी केल्या आणि माघार घेतली. थोडं अंतर कापलं तोच समोर धुळीचा लोट दिसला. तो मराठ्यांचा होता, आणि त्यांच्या बाजारात धान्य होतं, महाग का असेना. चार ओळींचं एक पत्र काही दिवस आधी पोचलं असतं, तर कदाचित त्या तोफा वाचल्या असत्या.

ते पत्र कसं असे? लांबट कागद, पुरेना तर त्याला खालून दुसरा डकवलेला. काजळीची शाई, बोरू, वर वाळू टाकून सुकवलेली मोडी. लिहिणारा बहुधा कारकून. सरदार सांगे आणि तो हात न उचलता लिहीत जाई. वर मायना, मग मजकूर, शेवटी ‘बहुत काय लिहिणें, हे विनंती’. घडी घालून थैलीत, थैली जासुदाच्या नाहीतर सांडणीस्वाराच्या हाती. आजच्या अर्थाने सही बहुतेक पत्रांवर नसतेच. अस्सलपणाची खूण म्हणजे शिक्का आणि मोर्तब.

अमेरिकेत मात्र हस्ताक्षरं जमवण्याचा नाद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांचा संच पुरा करणं ही संग्राहकांची मोठी हौस होती. त्यात अडायचं ते जॉर्जियाच्या बटन ग्विनेटपाशी. सही केल्याच्या पुढच्याच वर्षी, १७७७ मध्ये, लष्करी वादातून झालेल्या द्वंद्वात तो मेला, आणि त्याचं हस्ताक्षर फार थोड्या कागदांवर उरलंय. मजकूर कितीही क्षुल्लक असो, त्या नावाला मोल आहे.

मराठी पत्राला ही नावाची फूटपट्टी लावून ते एकटंच बाहेर काढलं की त्याची हत्याच होते. त्यावर तारीख असते ती चंद्राची, ‘छ’ अक्षरापुढे रमजान किंवा सफर असा महिना, आणि वर्ष पुष्कळदा नसतंच! घेणाऱ्याला ते माहीत होतं, मग लिहायचं कशाला? शुहूर सन दिला असेल तर ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ म्हणजे दोन, नव्वद, शंभर, हजार. बेरीज ११९२, इसवी सन १७९१-९२. तो नसेल तर आधीचं पत्र, नंतरचं पत्र आणि त्यांत आलेली माणसं, मुक्काम यांवरूनच वर्ष ठरवावं लागतं. रुमालातून, म्हणजे कागद बांधून ठेवायच्या फडक्यातून, सुटलेलं पत्र नाव विसरलेल्या माणसासारखं होतं.

हे काम ज्यांनी आयुष्य घालून केलं त्यांत मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे पहिल्या रांगेतले. शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांचे रुमाल सोडायचे. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडाने छापायला सुरुवात केली आणि १९२४ मध्ये निधन होईपर्यंत हे काम धरून ठेवलं. धारवाडचा लांबलेला वेढा, जिथे परशुरामभाऊंबरोबर कॅप्टन लिटलची इंग्रजी पलटण होती आणि जो १७९१ च्या एप्रिलपर्यंत चालला, तो आपल्याला छावणीच्या आतून दिसतो तो अशा पत्रांमुळे. खऱ्यांनी पत्रं एकामागून एक लावली, वर्षं ठरवली, प्रस्तावना लिहिल्या. माझ्या मते त्या लावण्यातच त्यांची खरी विद्वत्ता आहे.

अशा मराठी कागदांचा एक धागा वेलचेरीच्या लोकलवरच, कोट्टूरपुरमला आहे. तिथल्या अण्णा शताब्दी ग्रंथालयाच्या इमारतीत सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय आहे, आणि त्यात कॉलिन मॅकेन्झीने जमवलेल्या कागदांचा मोठा भाग, मराठीसकट. मॅकेन्झी मद्रास फौजेतला इंजिनिअर. श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत तोही होता. तंजावरला सरस्वती महालात भोसले राज्याच्या मोडी दप्तराचे हजाराहून अधिक रुमाल आहेत.

चेन्नईत तंजावरकडून आलेली मराठी घरं पुष्कळ. एखाद्या घरात माळ्यावर मोडीचं गाठोडं असलं, तर ते पुरावस्तू ठरू शकतं: १९७२ च्या कायद्यानुसार पंचाहत्तर वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. देशात विकायला बंदी नाही, आणि धोका तिथेच आहे. विकणारा शिक्क्याचे चार कागद बाजूला काढतो, बाकीचे हिशेब, पावत्या, जासुदांच्या मजुरीच्या याद्या रद्दीत जातात. त्या याद्यांवरच तर पत्र कुठून कुठे, किती दिवसांत गेलं ते कळतं. म्हणून गाठ सोडल्यावर कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने प्रत्येकाचे, पाठीमागच्या बाजूसह, फोटो घ्यावेत. रुमालावर काही लिहिलं असेल तर त्याचाही. मग मोडी जाणणारा माणूस शोधावा.