नियम कोणत्या पानावर?

कॅरम खेळताना कोणी राणी घेतली, पण तिला कव्हर मिळाले नाही, की लगेच ओरडा होतो, "राणी परत ठेव!" अशा वेळी पुस्तक उघडून पाहावे लागत नाही. कॅरमचे नियम थोडे आहेत आणि ते सर्वांना पाठ असतात. पण ज्या खेळाचे नियम तीनशेहून अधिक पानांचे आहेत, तो खेळणाऱ्यांनी काय करावे?

असा एक खेळ आहे. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे लहान गाव आहे. तेथून हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चारपाच मित्र टेबलाभोवती बसतात. त्यांच्यातील एक जण सूत्रधार होतो. अमीर हमजाची दास्तान तुम्ही ऐकली असेल. तेथे दास्तानगो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. या खेळात मात्र ऐकणारेच गोष्टीतले वीर असतात. सूत्रधार म्हणतो, "समोर लोखंडी दार आहे. आतून गुरगुर ऐकू येते. काय करता?" कोणी म्हणतो, "दार फोडतो." मग फासा टाकतात. दार फुटले की नाही, हे फासा आणि नियम मिळून ठरवतात.

म्हणजे नियमांचे हे पुस्तक दोन वेळा वाचावे लागते. एकदा घरी, निवांतपणे, खेळ समजून घेण्यासाठी. नंतर खेळाच्या ऐन रंगात, मित्र ताटकळत बसलेले असताना, एकच ओळ शोधण्यासाठी. पहिल्या वाचनाला सोयीचे असलेले पान दुसऱ्या वाचनाला सोयीचे असतेच असे नाही. सगळी अडचण येथेच आहे.

१९७४ मध्ये एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या. प्रथम फक्त एक हजार प्रती छापल्या होत्या. लिहिणाऱ्यांना खेळ तोंडपाठ होता, म्हणून पुष्कळ गोष्टी त्यांनी गृहीत धरल्या. लढाईच्या नियमांसाठी 'चेनमेल' या आधीच्या पुस्तकाचा आधार घेतला होता. ते जवळ नसले की नवशिक्या गोंधळून जाई. तुम्ही मराठी धड्यात अडता, तेव्हा "सर, माझी मराठी कच्ची आहे" असे म्हणता. पण येथे तर ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, ते वाचकही अडत होते! दोष नेहमी वाचणाऱ्याचाच असतो असे नाही. शेवटी जे. एरिक होम्स या प्राध्यापकांनी नवशिक्यांसाठी ते नियम नव्याने लिहून दिले. ते पुस्तक १९७७ साली निघाले. अवघड लिहिलेले पाहून शिक्षकाला स्वस्थ बसवत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

शब्दांचाही घोटाळा होता. 'लेव्हल' हा एकच शब्द चार अर्थांनी येई. वीराची शक्ती, मंत्राची अवघडता, राक्षसाचे बळ आणि भुयाराचा मजला, या सर्वांना लेव्हलच म्हणत. वेगळे शब्द वापरण्याचा विचार झाला होता. पण लोकांना सवय झाली आहे म्हणून जुनाच शब्द ठेवला, असे गायगॅक्स यांनी १९७८ च्या पुस्तकात लिहिले आहे. कारण प्रामाणिक आहे. तरी मला ते पटत नाही.

१९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी वेगळाच मार्ग काढला. त्यांचे पुस्तक गोष्टीने सुरू होते. तुम्ही एक योद्धा आहात, गुहेत शिरता, आणि गोष्ट पुढे जाता जाता नियम कळत जातात. एकट्या मुलालाही खेळ शिकता येई. परंतु गोष्टीत आलेला नियम पुढे शोधायचा झाला, तर कोठे शोधणार?

सर्वांत गमतीची चूक १९८९ सालची. राक्षसांची माहिती सुट्या कागदांवर छापली. कागदांना भोके पाडलेली होती आणि ते लावायला फाइल होती. नवे राक्षस निघाले की त्यांचे कागद अक्षरक्रमाने मध्ये घालायचे, अशी योजना होती. किती छान कल्पना! पण कागदाला दोन बाजू असतात. समजा, एका कागदाच्या पुढच्या बाजूला 'क' चा राक्षस आहे आणि मागच्या बाजूला 'ग' चा. आता 'ख' चा नवा राक्षस आला. त्याला कोठे बसवणार? कागद काही मधून सोलता येत नाही. क्रम बिघडत गेला. १९९३ मध्ये राक्षसांचे बांधीव पुस्तक पुन्हा काढावे लागले.

काही युक्त्या मात्र साध्या आणि चांगल्या आहेत. तयार साहसांच्या पुस्तकांत सूत्रधाराने मोठ्याने वाचायचा मजकूर चौकटीत छापतात. चौकटीबाहेरचे फक्त त्याच्यासाठी असते. चौकट नसेल आणि लपवलेला सापळा चुकून मोठ्याने वाचला गेला, तर सगळी मजाच गेली! तसेच, ओळ फार लांब असली की पुढच्या ओळीकडे वळताना नजर चुकते. म्हणून मोठ्या पानावर मजकूर बहुधा दोन स्तंभांत असतो. तुमची नजर उर्दू पानावर उजवीकडून धावते आणि मराठी पानावर डावीकडून. पान उघडताच नजर आधी कोठे पडते, हे तुम्ही स्वतःवरच तपासून पाहा. मथळा तेथे हवा.

२०२४ साली खेळाडूंचे नवे पुस्तक आले. त्याची पाने ३८४ आहेत. त्याच्या शेवटी नियमांचा कोश अक्षरक्रमाने दिला आहे. शब्द ठाऊक असला की नियम सापडतो. 'लेव्हल' चा घोळ मात्र पुरता मिटलेला नाही. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला पाचव्या लेव्हलचा मंत्र येत नाही. त्याला तिसऱ्या लेव्हलपर्यंतचेच मंत्र म्हणता येतात.